बेबाकी दाखला

१२ जून

दादा,

गुंडीला सीट मिळाली!

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण पुढचं न वाचता तू पत्र मिटून ठेवलंस तरी एवढं तुझ्या डोळ्यांखालून गेलेलं असेल. जागा तीस, अर्ज दोन हजारांच्या वर, आणि आपली गुंडी यादीत सातवी. सातवी रे! मी यादी चार वेळा वाचली, बोट लावून.

कृत्रिम हातपाय बनवायचा कोर्स आहे, चार वर्षांचा. ज्याचा पाय गेला त्याच्या मापाचा पाय घडवायचा, बसवायचा, त्याला चालवून बघायचं, टोचलं तर पुन्हा घासायचा. मी म्हटलं, हे नक्की डॉक्टरचं काम की सुताराचं? तर म्हणते, "दोघांच्या मधलं." मग बरोबर आहे. डॉक्टर आपल्या घरात कुणी नाही, पण लाकूड, पॉलिशपेपर आणि रंगाचे डबे यांच्यातच ती रांगली.

बातमी आली तेव्हा मी शिडीवर होते. औषधांच्या दुकानाची पाटी करत होते. ही बया रस्त्याच्या पलीकडूनच ओरडत आली, "आई, लागला नंबर!" माझ्या हातातला ब्रश सुटला आणि खाली उभ्या असलेल्या दुकानदाराच्या पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत निळा पट्टा. मी म्हटलं, झालं, आता हा माणूस पाटी माझ्या डोक्यात घालणार. पण तो म्हणाला, "जाऊ द्या हो, पोरगी पास झाली ना! मी पाटीचे पैसे कमी देतो." आणि खरंच कमी दिले.

तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती नऊ वर्षांची होती, पुढचे दात मोठे आणि केस कायम विस्कटलेले. आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. दात तेवढेच आहेत. तू ठेवलेलं नावच अजून चालतं, खरं नाव फक्त मार्कशीटवर.

फोन का नाही केला म्हणशील. नंबर आहे माझ्याकडे. पण तू नुसतं "हॅलो" म्हणालास तरी मी फोन ठेवून देईन, मला माहीत आहे. कागदावर बरं असतं, समोरून कुणी श्वास घेताना ऐकू येत नाही.

आणि एक स्पष्ट सांगते, मी काही मागायला लिहिलेलं नाही. तू पाठवलेले तिन्ही चेक मी परत केले होते, ते तूही विसरला नसशील. फी भरपूर आहे, पण बँक कर्ज देते आणि आम्ही ते घेणार आहोत. वहिनींना सांग. सांगायचं नसेल तर नको सांगूस.

गुंडीची आई


१९ जून

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी पुन्हा लिहितेय, कारण ही धावपळ सांगायला दुसरं कुणी नाही आणि पोटात ठेवली तर मी फुटेन.

आम्ही बँकेत जाऊन आलो! शिक्षणकर्जाच्या टेबलावर एक बाई आहेत, चष्मा साखळीत अडकवलेला, समोर फायलींचा एवढा ढीग की आधी फक्त त्यांचा अंबाडा दिसतो. मी घाबरून गेले होते. वाटलं, आता विचारणार, तुमची ऐपत काय. तर त्यांनी आधी गुंडीला विचारलं, "गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर गुडघाही बनवता का?" त्यांच्या सासऱ्यांचा गेलाय म्हणे. मग पंधरा मिनिटं त्या दोघी गुडघ्यावरच बोलत बसल्या आणि मागे रांग वाढत गेली.

साडेपाच लाख मिळतात. शिकत असेपर्यंत हप्ता नाही, शिक्षण संपल्यावर आणखी सहा महिने सवड. मी म्हटलं, वा, मजाच आहे! तर बाई म्हणाल्या, "हप्त्याला सुट्टी असते, व्याजाला नसते. जमलं तर शिकतानाच दर महिन्याला व्याज भरत जा, नाहीतर चार वर्षांत ते मुद्दलाच्या मांडीवर बसतं." घरी येऊन गुंडीने कॅलेंडरच्या मागे सगळं मांडलं. व्याज आताच भरत गेलो तर पुढचा हप्ता इतका कमी होतो की ती खुर्चीवर उभी राहून ओरडली. म्हणजे मला महिन्याला दोन पाट्या जास्त कराव्या लागतील. करीन. छापील बोर्डांनी धंदा खाल्लाय हे खरं, पण शटर छापून मिळत नाही, ट्रकचा मागचा फळा छापून मिळत नाही. सध्या एका शाळेच्या कुंपणावर मुळाक्षरं काढायचं काम आहे, साठ फूट लांब. हात मोडून येतो, पण "ज्ञ" काढायला अजून मजा येते.

फॉर्म मोठा आहे. एक रकाना होता, "आईचे शिक्षण". मी "बारावी" लिहिलं. गुंडीने विचारलं, "पुढे का नाही शिकलीस?" मी म्हटलं, लग्न झालं. हे खोटं आहे ते तुला ठाऊक आहे.

कॉलेजला पहिल्या वर्षाची फी दोन जुलैच्या आत पोचली पाहिजे. नाहीतर सीट एकतिसाव्या नंबरवालीला. ती मुलगी रोज गुंडीला मेसेज करते, "तुझं कर्ज झालं का गं?" इतकी काळजी! मला तर तिचा संशयच येतो.

हां, जामीनदार लागतो. पगारदार माणूस हवा, माझ्या धंद्यात पगाराची चिठ्ठी कुठली. रंगाचे दुकानदार त्यांच्या पुतण्याला आधीच जामीन आहेत. शाळेच्या मोठ्या बाई एका पायावर तयार होत्या, पण त्या निवृत्त झालेल्या. असो. जामीनदाराची सोय झाली आहे. कोण ते विचारू नकोस. त्या माणसाचं खातं याच बँकेत आहे, त्यामुळे पगाराची चिठ्ठीही लागत नाही, बँकेला पडद्यावर सगळं दिसतं.

तुझं खातं अजून तिथेच आहे ना? सहज विचारलं.

गुंडीची आई


२४ जून

दादा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस कुठेतरी.

तुझी सही मी केली.

जामीनदाराच्या पानावर तुझं नाव लिहिलं, तुझा पत्ता लिहिला, पाणीपुरवठा खात्यातलं तुझं पद लिहिलं आणि खाली तुझी सही ठोकून दिली. आणि पकडले गेले. कशी पकडले गेले ते ऐकशील तर रागावता रागावता हसशील, म्हणून आधी तेच सांगते.

नमुना माझ्याकडे होता. तिन्ही चेक परत केले असं मी पहिल्या पत्रात मोठ्या ताठ्याने लिहिलं, ते खोटं. दोनच केले. तिसरा ना परत केला, ना वटवला, शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवला. का ते मला विचारू नकोस, मलाही नीट माहीत नाही. त्यावरची तुझी सही मी वर्तमानपत्रावर चाळीस वेळा गिरवली. पहिलं अक्षर पतंगाच्या शेपटीसारखं ओढलेलं, खाली दोन ठिपके, सगळं हुबेहूब. मग दार लावून फॉर्मवर केली. बघितली आणि स्वतःवरच खूश झाले. काय सुरेख आली होती!

बाईंनी पडद्यावर तुझी सही काढली, फॉर्म शेजारी धरला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या सहीला वर रेघ नाही."

दादा, खरंच की! तू अक्षरांवर रेघ देतच नाहीस! शाळेपासून देत नाहीस. बाबा ओरडायचे, "अरे, छप्पर तरी घाल, अक्षरं भिजतील!" आणि तू म्हणायचास, वेळ वाचतो. मी चाळीस वेळा गिरवली ती बिनरेघेची. आणि खऱ्या कागदावर, शेवटचा ठिपका झाल्यावर, पंचवीस वर्षं पाट्या रंगवलेला हा मेला हात आपणहून वर गेला आणि डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढून मोकळा झाला. मला कळलंसुद्धा नाही. अक्षर उघडं ठेवायची सवयच नाही रे हाताला.

बाई म्हणाल्या, "आणि रेघ तरी किती सरळ. सही करताना माणूस अशी रेघ ओढत नाही. तुम्ही काम काय करता?" माझ्या नखांत निळा रंग होता. मी म्हटलं, "पाट्या रंगवते." त्यांनी तोंडावर हात धरला. हसत होत्या की काय कळेना. मग त्यांनी ते पान फाडलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "हे मी बघितलेलं नाही. कोरं पान देते. खऱ्या माणसाची सही आणा, तीसच्या आत. आणि पुन्हा असं केलंत तर मी पोलिसांना बोलावीन, गुडघा राहिला बाजूला."

गुंडी शेजारीच होती. बँकेच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, "मी खोटे पाय शिकायला निघाले, त्याआधी तू खोट्या सह्या शिकलीस होय?" संध्याकाळी येऊन म्हणाली, "मामाला सगळं खरं लिही. नाही लिहिलंस तर मी सीट सोडते. एकतिसाव्या नंबरवालीला आत्ताच मेसेज करते." आणि फोन हातात घेऊन उभी. ती करील. तिच्यात माझा तापटपणा आहे आणि तुझा हट्ट, म्हणजे बघ.

म्हणून खरं लिहिते. बाबांनी माझ्या चित्रकला कॉलेजसाठी दोन वर्षांची फी बाजूला ठेवली होती, ती तुझ्या शेवटच्या दोन वर्षांत गेली. तू म्हणालास, नोकरी लागली की तुझी फी भरतो. नोकरी लागली, मग बदली झाली, मग तुझं लग्न झालं, आणि तोवर मी शिडीवर चढले होते. मी एका शब्दाने बोलले नाही. बोलायला हवं होतं, तेव्हाच. ते सगळं साठवलं आणि बाबा गेले त्या आठवड्यात तू "बाबांचं पाट्यांचं दुकान विकू या" म्हणालास, तेव्हा वहिनींच्या आईवडिलांसमोर, शेजाऱ्यांसमोर ओकले. "तुझी डिग्री माझ्या पैशांची आहे, या दुकानातला एक खिळाही तुझा नाही." तुझं तोंड कसं झालं होतं ते मला दिसतं अजून. मी खोटं बोलले नव्हते. पण ते तुला चारचौघांत उघडं पाडायला बोलले होते, आणि त्याबद्दल मी माफी मागते. कर्जासाठी म्हणून नाही मागत. म्हणजे कर्जाची घाई आहेच, पण माफी वेगळी आहे. कळतंय ना?

सोबत कोरं पान आहे. मला पैसे नकोत. सही हवी. आणि लपवून सही मागणार नाही आता, म्हणून सांगते, आम्ही हप्ते चुकवले तर बँक ते तुझ्या पगारातून कापू शकते. विचार करून कर. करायची नसेल तर पान कोरंच परत पाठव, मी समजेन. तीसच्या आत पाठव फक्त.

तुझी धाकटी


२९ जून

दादा, अरे दादा,

पान आलं! पोस्टमनला मी दारातच गाठलं, त्याच्या वहीत सही करताना माझाच हात वाकडा गेला. पाकिटात पत्र नव्हतं. झटकून बघितलं, उजेडाला धरून बघितलं, एक ओळ नाही. पण सही होती! उघडीबोडकी, बिनरेघेची, तुझी. गुंडीने सहीचा फोटो काढला. आम्ही दोघी रिक्षा करून बँकेत. हो, रिक्षा! म्हटलं, आज नाही करायची तर कधी.

बाईंनी सही पडद्याशी जुळवली. "ही खरी," म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. गुंडीने टेबलाखाली माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. मग बाई पान वाचत वाचत खाली आल्या आणि थांबल्या.

"हे काय लिहिलंय?"

मी सही सोडून काही वाचलंच नव्हतं रे. एक रकाना आहे, "जामीनदाराच्या इतर देण्यांचा तपशील". त्यात लोक घराचं कर्ज लिहितात, गाडीचं लिहितात, नसेल तर आडवी रेघ मारतात. तू लिहिलं होतंस, "धाकट्या बहिणीचे. कॉलेजची फी, दोन वर्षांची. रक्कम ठरलेली नाही."

मला वाचता वाचता दिसेनासंच झालं. पण बाईंना काय त्याचं! त्या वैतागल्या. "खासगी कर्ज दिसतंय. रक्कम नाही, तारीख नाही. असलं अर्धवट देणं दाखवून कागद वरच्या साहेबांकडे जात नाही. त्यांना सांगा, रकाना खोडून शेजारी सही करून पाठवा." म्हणजे पान पुन्हा तुझ्याकडे, पुन्हा इकडे, आणि मध्ये रविवार. गुंडीचा चेहरा पांढराफटक. बाईंना तिची दया आली असणार, कारण त्यांनी लगेच टेबलावरचा फोन उचलला, तुझा नंबर फिरवला आणि आवाज मोठा केला.

तू "हॅलो" म्हणालास. मी फोन ठेवून देईन असं लिहिलं होतं ना? माझ्या हातात नव्हता म्हणून बरं. आवाज बाबांसारखा झालाय तुझा.

बाई म्हणाल्या, "सही तुमचीच ना?"

"हो, माझीच."

"तो देण्यांचा रकाना खोडायला परवानगी देता का? तोंडी देऊन चालणार नाही म्हणा, पण निदान—"

"खोडणार नाही. खरं आहे ते."

"मग रक्कम सांगा."

आणि तू म्हणालास, "ती तिला विचारा. ती सांगेल तो आकडा." आणि फोन ठेवलास.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "कोण बहीण? तुम्हीच?" मी मान हलवली. "मग सांगा आकडा. मी लिहून घेते." आणि पेन उघडून बसल्या.

दादा, आकडा होता माझ्याकडे. शिडीवर उभी राहून मी तो इतक्या वेळा काढलाय, व्याजासकट, दर वर्षी नवा, की झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. तोंडाशी आला होता. आणि मला भीती वाटली. नऊ वर्षं मी त्या आकड्यावर काढलीत. तू फोन केला नाहीस की तो आकडा, भाडं थकलं की तो आकडा, दुसऱ्याच्या मुली कॉलेजला जाताना दिसल्या की तो आकडा. तो देऊन टाकला तर रागवायला माझ्याकडे काय राहणार, असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

पण तू ते लिहिलं होतंस. बँकेच्या कागदावर, जिथे खोटं लिहिलं तर दंड होतो म्हणून खाली बारीक अक्षरात छापलंय, तिथे. मी तुला पत्रात नुसती सही मागितली होती. ही ओळ तुला कुणी मागितली नव्हती. आणि मला कळलं की मला तेवढीच हवी होती, इतकी वर्षं मी उगाच पैसे मोजत बसले.

मी म्हटलं, "आकडा काही नाही. फिटलं."

गुंडी माझ्याकडे बघतच राहिली. तिला आज पहिल्यांदा कळत होतं की फी कुठली आणि कॉलेज कुणाचं. बाहेर आल्यावर तिने मला काय काय विचारलं ते वेगळ्या पत्रात, ते फार लांब आहे.

बाई म्हणाल्या, "तोंडी फिटत नाही. बेबाकी दाखला लागेल. येणं असणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचा, बाकी काही उरलं नाही म्हणून." आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. मी विचारलं, "नमुना आहे का?" म्हणाल्या, "तुम्हाला नमुना दिला की तुम्ही काय करता ते बघितलंय मी. मनाने लिहा."

मग मी लिहिलं. त्याची नक्कल तुला पाठवते, कारण तू देणेकरी, तुझ्याकडे एक प्रत हवीच असं बाई म्हणतात.

"मी, खाली सही करणारी, लिहून देते की माझ्या मोठ्या भावाकडून मला दोन वर्षांच्या कॉलेजच्या फीचे येणे होते. ते त्याने कबूल केले आहे. आजपासून त्याच्याकडे माझे काहीही येणे बाकी नाही. यापुढे मी ते बोलून दाखवणार नाही, भांडणातसुद्धा नाही. उलट मी न केलेल्या फोनचे जे काही माझ्याकडे निघत असेल ते त्याने इथे येऊन, राहून वसूल करावे."

शेवटचं वाक्य बाईंनी खोडायला लावलं. त्याने म्हणे मीच तुझी देणेकरी ठरते आणि मग माझा अर्ज अडकतो. मी खोडलं, शेजारी सही केली. तू ते खोडलेलं वाचू शकशील, मी अगदी हलक्या हाताने रेघ मारली आहे.

मग त्यांनी दाखला दोनदा वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तरी खरं आहे ना? तुमचा एक कागद मी आधीच फाडलाय."

मी म्हटलं, "खरं आहे. आज सकाळपासून."

त्यांनी शिक्का मारला.